मलेरियाची एक गोळी

आई,

टॅक्सी खाली उभी आहे. तू गाढ झोपली आहेस, उठवत नाही. ग्लोव्ह्ज, डोक्याला लावायचा टॉर्च, सगळं घेतलंय. मी काम करायला चाललेय त्या हॉस्पिटलात ऑपरेशन चालू असतानाही दिवे जातात म्हणे. फोन यायला उशीर झाला तर जीव टांगणीला लावून बसू नकोस.

मी झोपेत दादाला हाका मारते म्हणालीस, तेव्हा मी एवढंच सांगितलं, की जायच्या आधीपासून मलेरियाच्या गोळ्या घ्याव्या लागतात आणि त्यांनी भलतीसलती स्वप्नं पडतात. आमचे मोठे डॉक्टर गोळ्या बदलून देत होते, मीच नको म्हटलं. दादा वारल्यापासून पहिल्यांदाच स्वप्नात दिसतोय. ओल्या केसांनी दारात उभा राहतो.

आत्ता बॅग भरताना गोळ्या मोजल्या, एक कमी निघाली. आणि दादाचा टॉवेल तू धुऊन दारामागे अडकवलायस. ओल्या केसांचं मी तुला कधी सांगितलं नव्हतं.

रागावले नाहीये. पण पुन्हा घेऊ नकोस, तुझ्या हृदयाला ती झेपणार नाही.

माझ्याशी तो एक अक्षर बोलत नाही. तुझ्याशी बोलला का, तेवढं फोनवर सांग.

धाकटी