रंग वाळायच्या आधी

माय, तुला जाऊन दहा वर्षं झाली आणि मी अजून तीच एक गोष्ट सांगत फिरतोय. परवाच्या रविवारपासून मात्र ती सांगायला तोंड उघडलं की माझी मलाच चिडचिड होते. आत्ता दुपार आहे. पिंपरीतल्या आपल्या जुन्या खोलीपासून दोन गल्ल्या पलीकडे माझी जिम आहे, बारा ते चार बंद असते. शटर अर्धं ओढून लिहायला बसलोय आणि तिसऱ्यांदा उठून डंबेल्स जागेवर लावून आलोय. ते जागेवरच होते. तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच बहुतेक लिहायला धीर होतोय.

नवीन पोरगं आलं की पहिल्याच आठवड्यात आरशासमोर दंड फुगवून विचारतं, "सर, एवढी बॉडी म्हणजे ताकद किती असेल?" मी म्हणतो, बस इथं. बॉडी वेगळी, ताकद वेगळी. स्पर्धेआधी तीन दिवस मीठ बंद, दीड दिवस पाणी बंद. नस न् नस दिसते, टाळ्या पडतात, आणि त्याच दिवशी अंगात काडीची ताकद नसते. मग आवाज जरा खाली आणून सांगतो, "अशाच दिवशी माझी आई जिन्यात पडली. मला तिला उचलता आलं नाही राव." पोरं आरशासमोरून बाजूला होतात. एकदोघं तर पायाही पडली. सांगून सांगून ती गोष्ट इतकी गुळगुळीत झालीय की कुठं थांबायचं, कुठं आवाज पाडायचा, सगळं पाठ आहे. लाज कशी वाटली नाही मला इतकी वर्षं!

गोष्टीतला निम्मा भाग खराच आहे म्हणा. तू दवाखान्यात वॉर्डातली मावशी. हडकुळी, दंडावर मांस म्हणून नाही, बांगड्या पार कोपरापर्यंत चढायच्या. पण चांगला आडदांड पेशंट खाटेवरून चाकाच्या खुर्चीत तू एकटी बसवायचीस. डबा द्यायला आलो होतो तेव्हा मी डोळ्यांनी पाहिलंय. "दादा, गळ्यात हात टाका. भिऊ नका, मी हाय." असं आधी सांगायचीस, त्याच्या गुडघ्याला आपला गुडघा लावायचीस आणि त्यानं श्वास सोडला की उठायचीस. मला म्हणालीस, "हातानं नसतं उचलायचं लेकरा, मांडीनं. आन् आधी माणसाला सांगायचं, मग ते सोताच निम्मं उठतंय." मी तेव्हा आकुर्डीला कॉलेजात, दंड सोळा इंची. मनात म्हटलं, ही काय शिकवणार मला! घरी तू माझ्यासाठी अंडी उकडायचीस. मी पांढरं खायचो, पिवळं ताटात तसंच. "त्या कोंबडीनं काय पाप केलं रे?" म्हणत सहाच्या सहा बलक भाकरीबरोबर तूच संपवायचीस. एकदा गॅसची टाकी खाली आली आणि मी म्हणालो, आज माझा रेस्टचा दिवस आहे. तू पदर खोचलास, टाकी कमरेवर घेतलीस आणि दोन जिने चढून आलीस. टाकी खाली ठेवल्यावर म्हणालीस, "दंडाला रेस्ट दे, तोंडाला बी दे." मला राग आला होता तेव्हा. आजही येतो, पण आता स्वतःचा.

त्या दिवशी सकाळी मित्रानं मला रंगाचा पहिला हात दिला होता. स्टेजच्या दिव्यांत अंग उठून दिसावं म्हणून तपकिरी रंग लावतात. तो वाळेपर्यंत कशाला टेकायचं नाही, बसायचं नाही. मी चड्डीवर, हात पसरून पंख्याखाली उभा आहे. तू ड्युटीची पांढरी साडी नेसून निघालीस. "घोटभर पाणी तरी पी," म्हणालीस. मी मान हलवली. मग जिन्यात तो आवाज. मी धावलो. तू मधल्या पायरीवर बसली आहेस, उजवा पाय भलतीकडेच वळलाय, ओठ दाताखाली. मी वाकलो, तुझ्या काखेत हात घातले. इथवरचं मी पोरांना सांगतो. पुढचं कधी कुणाला सांगितलं नाही. तू माझ्या हातांकडं पाहिलंस. तुझ्या पदराला माझी तपकिरी बोटं उमटली होती. "थांब," म्हणालीस, "रंग जाईल तुझा. शेजारच्यांना हाक मार." आणि मी हाक मारली. शेजारच्या दोघी आल्या, प्लास्टिकची खुर्ची आणली, तुला तीत बसवून खाली नेलं. मी मागून उतरलो, हात अंगापासून लांब धरून. रिक्षात बसताना तू म्हणालीस, "जा तू. मी काय मरायले का?" मी गेलो. माझा तिसरा नंबर आला.

संध्याकाळी पदक खिशात घालून तुझ्याच वॉर्डात आलो. खुब्याचं हाड मोडलं होतं. तुझ्याबरोबरच्या मावश्या खाटेभोवती उभ्या होत्या. त्यातली एक मला डोक्यापासून पायापर्यंत बघून म्हणाली, "एवढा गडी घरात असून बायांनी उचललं व्हय रे?" मी बोलून गेलो, "मावशी, दीड दिवस पाणी नव्हतं पोटात. स्टेजच्या दिवशी अंगात ताकदच नसते." सगळ्या तुझ्याकडं बघायला लागल्या. तू डोळे मिटून म्हणालीस, "खरंय. नव्हती त्याच्यात." जन्मभर माणसं उचललेली बाई म्हणतेय म्हटल्यावर विषयच संपला. हाड पडतानाच मोडलंय, कुणी उचललं यानं काही फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले होते. ते मी स्वतःला हजारदा सांगितलंय. पण त्यानंतर तुला पेशंट उचलता आला नाही. तुला चादरी घडी करायच्या खोलीत बसवलं. लंगडत घरी यायचीस आणि चहा पिता पिता म्हणायचीस, "चादरी बोलत न्हाईत रे."

परवा भोसरीला स्पर्धा होती. माझा एक चेला उतरला होता, चाकणला एका कंपनीत लोडिंगला असतो, लेकुरवाळा माणूस, पण स्टेजवर पहिल्यांदाच. मीठ बंद, पाणी बंद, रंग लावून तयार, पाच मिनिटांत नाव पुकारणार. तेवढ्यात तिथली झाडलोट करणारी मावशी आम्हीच सांडलेल्या तेलावरून घसरली आणि कमरेवर आपटली. मी नुसता तिच्या तोंडाकडं बघत उभा. ह्यानं तिला छातीशी उचललं आणि थेट रस्त्यावर, रिक्षापर्यंत. परत आला तेव्हा छातीवरचा रंग पट्ट्यापट्ट्यांनी गेलेला आणि नाव पुकारून झालेलं. मी ओरडलो त्याच्यावर. "अक्कल आहे का? दुसरं कुणी नव्हतं उचलायला?" तो आधी ओशाळला. मग टॉवेलनं मान पुसत म्हणाला, "सुचलंच नाही सर काही. पण तुम्ही म्हणता ना, ह्या दिवशी ताकद नसते? तसं काही नाही बरं का. मावशी काय जड नव्हत्या."

तेव्हापासून चैन नाही. जेवताना उठतो, गाडी चालवताना स्वतःशी भांडतो. रंगात, उपाशी, तहानलेल्या अंगात ताकद थोडी कमी असते, हे आजही मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन. पण माय, तुझ्याशी काय वाद घालणार? तुझ्या काखेत हात घालून मी जोर लावला तेव्हा तू पायरीवरून चार बोटं वर आली होतीस. सहज. मग तू रंगाचं बोललीस आणि मी तुला परत खाली ठेवलं. हळूच ठेवलं, पण ठेवलं. आणि मला सुटल्यासारखं वाटलं होतं, तूच सांगितलंस म्हणून. माणूस उचलताना काय होतं ते तुझ्याइतकं कुणाला कळतंय? तुला तेव्हाच कळलं होतं. तरी त्या सगळ्यांपुढं तू माझ्यासाठी खोटं बोललीस.

चार वाजत आले. जिन्यावर पोरांच्या चपला वाजायला लागल्यात. हा कागद डाएटच्या वहीत घालून ठेवतो, पत्ता तरी कुठला लिहू? उद्या कुणी विचारलं तर परत तीच गोष्ट सांगेन की नाही, मला खरंच माहीत नाही.

तू पण जड नव्हतीस.