काळजी घे

सोमवार, ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चिमणीचा पिवळा फ्रॉक पोचला. बाह्या लांब आहेत, पण पोर वाढतेय, पुरतील. काढूच देत नाही अंगातनं, झोपते पण त्यातच.

हे पत्र टपालात टाकत नाही. तुमच्याकडे सळया घेऊन येणाऱ्या ट्रकवाल्याच्या हाती देते. टपालात टाकलं की आधी दुसरंच कुणीतरी वाचतं. आणि फोनवर बोलावं तर मधेच कुणीतरी खोकतं.

ताई, चिमणीच्या बालवाडीत नवा तास सुरू झालाय. काळजीचा तास. पोरांना गोल बसवतात आणि घरात कोण काय बोललं ते विचारतात. जो सांगेल त्याच्या कपाळाला चांदणी चिकटवतात. आपली कार्टी काय सांगून आली, तर बाबा झोपेत पादतात. मिळाली चांदणी! हे हसून हसून लोळले. मला नाही हसू आलं. एवढ्या एवढ्या पोरांना चुगल्या शिकवतात आणि वर ती बाई कशी मधाळ हसते गं, मला शिसारी येते. चांदणी मी नखानं खरवडून काढली, तर कपाळ लाल झालं पोरीचं.

चुगली म्हणायची पण सोय नाही आता. काळजी घेतली असं म्हणायचं. समोरच्या शिंपिणीच्या नवऱ्याची कुणीतरी जाऊन काळजी घेतली. काळजी कचेरीची माणसं आली, घेऊन गेली, तो गेला तो गेलाच. मग तिचा पोरगाही नेला, सांभाळायला म्हणून. ती मशीन फिरवत बसते दिवसभर. सुईत दोराच नसतो.

मला धसका बसलाय, कारण आमच्या घरात ते पुस्तक आहे. सुताराचं. तुमच्या वेळी शाळेत होतं म्हणायचीस बघ तू. आता घरात सापडलं तरी नेतात. ते पहिल्यांदा छापलं तेव्हा बांधणी आमच्या सासऱ्यांनी केली होती. लिहिणारा स्वतः यायचा म्हणे दुकानात, ओले बूट दारात काढून. म्हणाला, नाव बारीक अक्षरात टाका, पुस्तकानं ओरडायला नको. पुढे त्यालाच नेलं. सासऱ्यांनी एक प्रत दडवून ठेवली, ती ह्यांच्याकडे आली. चहा झाला की हे थोडं थोडं वाचून दाखवतात. माझं वाचन म्हणजे दुकानाच्या पाट्या, मला कुठलं ते जाडजूड झेपायला. त्या शहरात दाराला कडी लावायला बंदी असते. सुतार गुपचूप एक एवढीशी कडी करतो. बायको-पोरांसाठी.

जाळून टाका म्हणते मी ह्यांना. ऐकतील तर शपथ. आणि खरं सांगू, शेवटची पानं राहिलीत, मलाही ऐकायचीत. तू सांगू नकोस हं शेवट.

लोभ आहेच, तो उतू नकोस.
तुझी बारकी

मंगळवार, १२ मार्च

चि. बारकीस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं. तू लहानपणी पाल दिसली की घर डोक्यावर घ्यायचीस, अजून तशीच आहेस. पोरीचं पादण्याचं वाचून मी कचेरीत एकटीच हसले. बाइंडरसाहेबांना म्हणावं, आता सगळ्या बालवाडीला कीर्ती कळली.

मी अजून जिन्याखालच्या त्याच टेबलावर. भिंतीला ओल आहे, गुडघे धरतात. वरच्या मजल्यावर खिडकीपाशी जागा मिळावी म्हणून किती वर्षं म्हणतेय, तिथे आपल्याला कोण विचारतो.

पुस्तकाचा शेवट मला चांगला आठवतो. सांगत नाही. पण ते ठेवता कुठे गं? कपाटात नको हो, सगळे आधी कपाटच उघडतात. कुठे आहे ते मला कळव, म्हणजे माझ्याही जिवाला घोर नको. आई गेल्यावर तुला मी वाढवलंय, माझ्यापासून काय लपवायचंय.

चिमणीला पापा. काळजी घे.
तुझी ताई

सोमवार, १८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं आणि जरा धीर आला. कपाटातच होतं गं! बरं झालं बोललीस. आता मोठ्या लोडात कापसाच्या आत घालून शिवून टाकलंय. वाचायचं झालं तर टाके उसवायचे, पुन्हा घालायचे. हे म्हणतात, बाइंडर मी आणि शिवण तुझी. चिमणी त्याच लोडावर घोडा घोडा खेळते, तिला पत्ता नाही. तुला म्हणून सांगितलं. वाचलंस की फाडून टाक.

तुझी माया अशीच पाठीशी असू दे.
तुझी बारकी

गुरुवार, २८ मार्च

ती. ताईस,
सा. न.

ताई, ह्यांना नेलं.

दोघं आले. पाय पुसून आत आले, बसू का म्हणाले. एकानं माझ्या आरशात बघून माझ्याच कंगव्यानं भांग पाडला. चिमणीच्या पुड्यातलं बिस्कीट खाल्लं आणि बोटं आमच्या चादरीला पुसली. कपाटाकडे बघितलं सुद्धा नाही. सरळ लोड ओढला आणि पात्यानं फाडला. कापूस सगळ्या घरभर झाला. हे चप्पल शोधत होते, तर तो म्हणाला, राहू द्या, लागणार नाही.

मला वाटलं, चिमणीनं मला शिवताना बघितलं आणि जाऊन सांगितलं. मी तिला मारलं गं. पाची बोटं उठली गालावर. ती आपली एकच म्हणत होती, आई मी पादण्याचंच सांगितलं, आई मी पादण्याचंच सांगितलं.

आज बालवाडीतली ती बाईच मला म्हणाली, तुमची मुलगी काही बोलतच नाही हो, अशानं चांदणी कशी मिळायची. म्हणजे तिनं काहीच सांगितलं नव्हतं. मग कुणी सांगितलं? शिंपीण आमच्यात येत नाही. ट्रकवाल्याला तर वाचताच येत नाही.

कंगव्यात त्या माणसाचा केस राहिला होता. कंगवा उकळून काढला, तरी डोक्याला लावायची किळस येते. मला दुसरं कोण आहे. ये ना गं.

बारकी

मंगळवार, २ एप्रिल

चि. बारकीस,
अ. उ. आ.

रडू नकोस. तूच विचारलंस म्हणून सांगते, आणि सांगण्यात लाज कसली, तुमची काळजी मीच घेतली. उद्या दुसऱ्या कुणी घेतली असती तर तुलाही नेलं असतं. मी काळजी कचेरीत स्पष्ट सांगितलं, बहीण अडाणी आहे, तिला वाचता येत नाही, तिला हात लावू नका. म्हणून तू घरी आहेस. कधीतरी कळेल तुला.

त्यांना समजावून परत पाठवतील. माणसाला समजावायला वेळ लागतोच. चिमणीला तोवर माझ्याकडे ठेवायची परवानगी मिळाली आहे. परक्याच्या घरी जाण्यापेक्षा मावशी काय वाईट? ७ तारखेला, रविवारी न्यायला येते. तिचे कपडे बांधून ठेव.

माझी जागा बदलली. वरचा मजला, खिडकीपाशी. ऊन येतं, गुडघ्यांना बरं वाटतं.

काळजी घे.
तुझी ताई

शुक्रवार, ५ एप्रिल

ताई,

सा. न. लिहायला हात उचलत नाही.

तुझं पत्र ट्रकवाल्यानं दिलं तेव्हा मी चिमणीची वेणी घालत होते. दुकानाच्या पाट्या वाचतात तसं एकेक अक्षर लावत वाचलं. वाटलं आपलंच चुकतंय. पुन्हा वाचलं. मग मोरीत जाऊन ओकले. त्या माणसाच्या केसाची एवढी किळस नाही आली मला. तो परका होता. तू माझी वेणी घातलीस लहानपणी, माझ्या उवा काढल्यास, आणि त्याच हातानं माझं घर दाखवलंस. ऊन खा आता.

पिवळा फ्रॉक सोबत पाठवते. पोरगी सोडत नव्हती. तुझ्या भाचीचा गाल अजून सुजलेला आहे. तो मी सुजवला, तुझ्या वाटणीचा मार तिला देऊन. ते माझं मी बघेन.

पुस्तकाची शेवटची पानं राहिली ती राहिलीच. आता तुला विचारत नाही. सुताराची कडी शेवटी कुणी दाखवून दिली असेल ते कळलं मला.

रविवारी येऊ नकोस. हे तुझ्या हातात पडेल तोवर घर रिकामं असेल. दाराला बाहेरून कडी असेल, शिंपीण लावणार आहे. आम्ही मायलेकी कुठे जातो ते लिहीत नाही. ह्यांना सोडलं तर त्यांना सापडू. तुला नाही.

लोभ होता. आमची काळजी घेऊ नकोस.

चिमणीची आई