साहेबांचा पटर आणि आपलं अंगण

मु. पो. पिंपरी पेंढार, ता. जुन्नर
बुधवार

तीर्थस्वरूप सोमनाथदादास,

मच्छिंद्रचा साष्टांग नमस्कार. (गुरुजींनी शिकवल्याप्रमाणे तीर्थरूप फक्त आईवडिलांना लिहायचं, बाकीच्या मोठ्यांना तीर्थस्वरूप. शाळा नववीत सुटली तरी एवढं सुटलेलं नाही.) इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या मामीचा, म्हणजे आईचा, गुडघा थंडीत कुरकुरतो, पण तिच्यापेक्षा कमी. तुझी तब्येत कशी आहे? तिकडच्या खाणावळीत भाकरी मिळते का, की अजून भातावरच आहेस? पत्र लिहिण्याचं कारण असं, की फोन केला की तुझ्यामागे त्या गोल्फच्या मैदानावरचं गवत कापायचं मशीन धडधडत असतं आणि तू "नंतर करतो" म्हणतोस. ते नंतर दिवाळीपासून आलेलं नाही. पत्राच्या मागे मशीन नसतं, म्हणून पत्र.

तर पटर, म्हणजे गोल्फचा चेंडू भोकात ढकलायची ती साहेबांची काठी. टेम्पोवाल्याकडे तू पटरचा फोटो, चार चेंडू आणि दोन नळ्या (एक बिघडली तर दुसरी, हे तू बरोबर ओळखलंस) पाठवून म्हणाला होतास, "मच्छ्या, साहेबांना पितळेचा पटर पायजे, खास घडवलेला. ह्यो पास झाला तर त्यांचे दोस्त रांग लावतील. मग मी हितली नोकरी सोडतो न् आपण दोघं राजुरीला आपलं मशीन टाकू." हे मी जसंच्या तसं लिहिलं आहे, कारण मला ते पाठ आहे. फक्त पास म्हणजे नेमकं किती सरळ, हे तू सांगितलं नाहीस, आणि तेव्हापासून माझी झोप गेली आहे.

गोरखभाऊंनी त्यांच्या वर्कशॉपमधलं मिलिंग मशीन कामाच्या वेळेनंतर वापरायला दिलं. जुन्या पंपाचं जाड पितळही दिलं. तुला माहीत आहे, मी आजवर रोटाव्हेटरचे आणि पंपाचेच पार्ट केले. त्यांना कोणी निरखून बघत नाही, ते चिखलात जातात. पहिल्या डोक्याला (पटरचा खालचा पितळी ठोकळा) मी कटर घाईने फिरवला आणि त्याच्या तोंडावर, म्हणजे चेंडूला लागते त्या बाजूवर, शेडच्या पत्र्यासारख्या लाटा उठल्या. दुसऱ्याला नळीचं भोक अगदी काटकोनात पाडलं (मला वाटलं, सरळ ते चांगलं). नळी बसवली तर पटर न होता मोगरी झाली. फोटोत नळी जराशी कललेली आहे हे मला तेव्हा दिसलं. गोरखभाऊंनी ती मोगरी उचलली, एका ट्रॅक्टरची अडकलेली पिन दोन टोल्यात बाहेर काढली आणि म्हणाले, "मच्छिंद्र, गोल्फचं राहू दे राव. ही लई झ्याक झालीये, अजून एक कर." आता ती, नळी काढून लाकडी दांडा घातलेली, वर्कशॉपात भिंतीला टांगलेली आहे. शेजारचं तुझं मशीन अजून तसंच आहे, त्यावर तुझा मळका शर्टही तसाच. मी दर शनिवारी तेल देतो (मशीनला, शर्टाला नाही). त्या मशीनवर गोरखभाऊ दुसरा माणूस बसवणार होते. मी म्हणालो, दादा येणार आहे. ते म्हणाले, "कवा?" मी कानस शोधायला लागलो.

तिसरं डोकं मात्र जमलं. साहेबांची उंची तू कळवली नाहीस, म्हणून नळी कापायला मी एक माप मनाने धरलं. पटर घरी आणला. शेजारचे राघूआबा त्यांची मेंढरं वाड्यात कोंडून आले होते. त्यांनी पटर हातात घेऊन उलटासुलटा केला आणि विचारलं, "ह्यानं मेंढरू वळंल का?" मी म्हणालो, आबा, ही साहेब लोकांची काठी आहे, हिने चेंडू नुसता हळूच ढकलायचा आणि भोकात घालायचा. ते म्हणाले, "मग हातानंच ठेव की भोकात. वाकायला काय व्हतंय साहेबाला?" याचं उत्तर तुझ्याकडे असलं तर कळव.

आईने त्याच दिवशी अंगण सारवलं होतं. गुळगुळीत, एक खडा नाही. मला वाटलं, तुमचं मैदान याहून वेगळं काय असणार? उंबऱ्याजवळ उभा राहिलो, कोंबड्यांच्या खुराड्यापाशी लोटा आडवा ठेवला आणि चेंडू ढकलला. तो डावीकडे गेला. पुन्हा ढकलला, पुन्हा डावीकडे. प्रत्येक वेळी मोरीकडे, जसं काही तिथे कोणी त्याला हाक मारत होतं. म्हणजे पटरचं तोंड वाकडं झालं! दुसऱ्या दिवशी मशीनवर पाणसळ (सपाटी बघायची बुडबुड्याची पट्टी) लावून, जीव मुठीत धरून, तोंडावरून केसाएवढं पितळ काढलं. घरी येऊन बघितलं, चूक थोडी कमी झाली. पुन्हा काढलं. असं करत करत शेवटी चेंडू उंबऱ्यापासून निघाला आणि थेट लोट्यात टण्णकन गेला. पुन्हा टण्ण. पुन्हा टण्ण. शेजारची हर्षाली टाळ्या वाजवायला लागली. आबांनी एकदा मारला, तोही गेला. दादा, त्या संध्याकाळी मी मनातल्या मनात आपल्या मशीनला जागासुद्धा बघितली, राजुरीच्या स्टँडमागे.

आज सकाळी आईने कपडे धुतले आणि बादलीतलं उरलेलं पाणी अंगणात ओतलं. ते पाणी सरळ न जाता डावीकडे वळून मोरीत गेलं. अगदी चेंडूच्या वाटेने. मी आईला विचारलं, अंगणाला उतार आहे का? ती म्हणाली, "असणारच की. सारवताना मीच धरते. न्हाईतर पावसाचं पानी काय चुलीत घेऊ?" मी मशीनवर पाणसळ पुन्हापुन्हा लावली, अंगणावर एकदाही लावली नाही. ज्या अंगणात आपण दोघं रांगलो, तिथे चेंडू, गोट्या, भोवरे सगळं मोरीतच जायचं, हे माझ्या लक्षात यायला एक बादली पाणी लागलं. म्हणजे पटर आधी सरळच होता. तो मीच वाकडा केला आहे.

रविवारी साहेबांची स्पर्धा आहे, शुक्रवारी टोमॅटोचा टेम्पो निघतो, हे मला माहीत आहे. घाबरू नकोस, मी दोघांच्या वाटचं घाबरलो आहे. थोडं पितळ शिल्लक आहे. मामीचे तुला आशीर्वाद, आबांचा रामराम.

तुझा धाकटा,
मच्छिंद्र

ता. क. : शुक्रवार. नवीन पटर झाला. तोंड वर्कशॉपातल्या सपाट लोखंडी पाट्यावर ठेवून तपासलं, खालून कागदसुद्धा सरकत नाही. घरच्या अंगणात त्याने ढकललेला चेंडू मोरीकडे जातो, म्हणजे बरोबर आहे. नळी मुद्दाम लांब ठेवली आहे, साहेबांच्या उंचीप्रमाणे तिथे काप. पत्रासोबतच पाठवतो आहे.

ता. क. २ : वाकडा पटर मी ठेवून घेतला. तो खुंटीला टांगला आहे. वर मनाने धरलेलं माप लिहिलं, ते तुझं आहे. आईने दाराच्या चौकटीवर विळ्याने कोरलेली तुझ्या उंचीची शेवटची रेघ आहे ना, त्यावरून नळी कापली. मला तो लांब पडतो, कोपर वर जातं. आपल्या उंबऱ्यावर तुझ्या उंचीच्या माणसाने उभं राहून मारला तरच तो हातात नीट बसतो. दुसऱ्या कुठल्या जमिनीवर तो उपयोगाचा नाही.

ता. क. ३ : साहेबांना पटर पसंत पडला नाही तरी ये. आधी पास, मग येणं, असं तू म्हणाला होतास. तेवढं उलटं करता आलं तर बघ.

ता. क. ४ : चार चेंडू परत पाठवायचे होते, ते राहिले. आपली तांबडी कोंबडी ते अंडी समजून उबवायला बसली आहे आणि हात घातला की टोचते. मी तिला उठवत होतो, तर आई म्हणाली, "बसू दे तिला. आपुन तरी दुसरं काय करतोय?"