डोंगरावरच्या घरातली मागची खोली

भरतेश,

आज 'चिरंजीव' लिहायला हात होत नाही. पाटणजवळच्या डोंगरावरचं आपलं घर आप्पांनी थंडीत राहण्यासाठी बांधलं होतं. पावसाळ्यात ते पाहुण्यांना देऊ नकोस, हे मी तुला किती वेळा सांगितलं! उन्हाळ्यात वणवा अंगणापर्यंत आला, तेव्हा खालच्या वाडीतल्या बायडाबाई आणि मी ओल्या पोत्यांनी तो विझवला. सांगलीत बसून तू म्हणालास, "ताई, फोटो पाठव."

परवा सकाळी घरामागच्या उताराला भेग पडलेली दिसली. मी तुला लगेच फोन केला.

"रविवारपर्यंत बुकिंग आहे गं. पाहुण्यांना घाबरवू नकोस," तू म्हणालास.

मी तुझं ऐकलं नाही. ते नवराबायको आणि त्यांची लहान मुलगी, तिघांना भर पावसात वाडीत नेलं. बायडाबाई दारातूनच ओरडल्या, "आवं ताई, भिजत काय हुबं ऱ्हाताय, या की आत!"

दुपारी दरड आली. मागची खोली गेली, ती मुलगी झोपायची तीच. तुला कळवलं, तर तू विचारलंस, "सोलर वाचलं का?"

जाहिरात मी काढून टाकली आहे आणि किल्ल्या माझ्याकडेच राहतील. हे पत्र मात्र पोस्टात टाकणार नाही. तुझं टपाल आई उघडते, आणि तिला हे सोसणार नाही.

त्या मुलीचं नाव शर्वरी आहे. तू विचारलं नाहीस.

अजून तरी तुझी बहीण,
कस्तुरी