न धुतलेले बूट

प्रिय दादा,

काल फोनवर तू विचारलंस, "बेडूक काय म्हणतायत?" मी म्हटलं, "मजेत आहेत." खोटं बोलले.

उघड्या माळावर बावीस वर्षं रोपं लावून तू हे जंगल उभं केलंस. तू निवृत्त झाल्यावर त्यातले बेडूक मोजायचं काम माझ्याकडे आलं. गेल्या वर्षी चौदा जाती सापडल्या, झाडावरच्या इवल्या हिरव्या बेडकापासून खरखरीत पाठीच्या भेकापर्यंत.

मागच्या महिन्यात मी खालच्या तळ्यावर गेले होते. तिथले बेडूक बुरशीच्या रोगाने मरत होते. परतताना उशीर झाला, म्हणून बूट औषधाच्या पाण्यात न बुडवताच आपल्या जंगलातल्या ओढ्यात उतरले. तीन आठवड्यांनी तिथे एक हिरवा बेडूक उताणा पडलेला दिसला. उचलला तर त्याची कातडी सुटून आली. आज तपासणीचा अहवाल आला. तीच बुरशी.

साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुमच्याच बुटांमुळे झालं, असं खात्रीने सांगता येत नाही." मग हळूच विचारलं, "दादांना कोण सांगणार?"

"मीच," म्हटलं.

निरोगी बेडूक आम्ही काचेच्या पेट्यांत हलवतोय. ओढ्यावर आता इतकं शांत असतं, की मला तिथे एकटीला थांबवत नाही.

हे पत्र मी टाकणार नाही. रविवारी पहिल्या बसने येतेय. दार तूच उघड, दादा. वहिनीने उघडलं, तर मी चहा पिऊन गुपचूप परत येईन.

तुझी,
धाकटी