अमोलच्या जॅकेटची रिबीट

मी, मोतीराम धोंडीराम पाळदे, वय ७१, राहणार गंगापूर, तालुका जिल्हा नाशिक, पूर्वी अंबडच्या कारखान्यात फिटर, हल्ली शेती व खोकला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, कोणाच्या दडपणाखाली न येता लिहितो. शाळा चौथीपर्यंत, बाकीचं पान्या-पकडीने शिकवलं. वेलांट्या चुकल्या तरी मजकूर खरा आहे.

कलम १. घर व वीस गुंठे शेवंतीचा मळा मुलगी सायली हिला. तिच्या आईने, कै. नवसाबाईने, कळशीने पाणी घालून तो जगवला. विकायचा झाल्यास विकावा, पण पुतण्या भारत याला नाही. त्याने बांधाचा दगड दोनदा सरकवला, आणि दोन्ही वेळा तो परत सरकवताना माझी कंबर गेली.

कलम २. हत्यारांची पेटी जावई ज्ञानेश यांना. ते वस्तू जागेवर ठेवतात. छिन्नी पेटीत नाही. तिचं पुढे येईल.

कलम ३. धरणात बुडालेल्यांना वर काढायचं काम आमच्या घराने केलं. त्याच्या हवेच्या टाक्या व मुखवटे गावच्या तरुण मंडळाला. हवेचं जॅकेट मात्र त्यांनी नवं घ्यावं. टाकी त्याच्याच पाठीला बांधलेली असते. तिच्यातून जॅकेटात हवा भरली की माणूस तरंगतो, सोडली की खाली जातो. घेताना दुकानाच्या आरशापुढे घालून पाहू नये, आपली होडी घेऊन पाण्यात उतरावं. मोठ्या बोटीला शिडी असते. आपल्या होडीचा काठ वीतभर, तोही हलता. तिथे जॅकेट पाण्यातच अंगातून सोडायचं, आधी ते वर द्यायचं, मग काठावर पोट टाकून आपण यायचं. म्हणून खांद्याला आणि कमरेला चाप हवेत, गारठलेल्या बोटांनी, डोळे मिटून, एका हाताने सुटणारे. नुसतं पाठीवर फुगणारं नको, थकलेला माणूस त्याने तोंडावर पडतो. न सुटणारं ते मजबूत, असं समजू नये. मी समजलो होतो.

कलम ४. सन १९९४ मध्ये मी व मुलगा अमोल मुंबईला दारूखान्यात, जुनी जहाजं तोडतात त्या बंदराकडच्या बाजारात, जुनं जॅकेट घ्यायला गेलो. दुकानदाराने दोन काढली. होडी लहान असेल तर चापाचं घ्या, असं तो म्हणाला. मी फिटर माणूस, प्लास्टिकच्या चापाला नाक मुरडलं. दुसऱ्याला अखंड पट्टा आणि कमरेला एकच पोलादी बकल होतं, ते घेतलं. पुढे बकल निसटू लागलं, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत कारखान्यात नेऊन त्याला रिबीट मारली, म्हणजे आरपार खिळा ठेचून ते कायमचं बंद केलं.

अमोलने विचारलं, "अण्णा, मग काढायचं कसं?"

"डोक्यावरून. बंडीसारखं."

अंगणात तो तसं काढून दाखवायचा आणि आईला हसवायचा.

ऑगस्ट १९९८ मध्ये सिन्नरकडचा एकजण बुडाला. अमोलने तळाशी त्याला दोर बांधला आणि होडीशी वर आला. टाकी संपली होती, जॅकेटात हवा भरेना. डोक्यावरून काढायला गेला आणि दोन्ही हात वर, जॅकेट तोंडावर, असा अडकला. होडीत नावाडी गोरक्ष बेंडकुळे एकटा. त्याने ओझ्यासकट ओढलं, होडी उलटली. त्याने तीन बुड्या मारल्या. तिसऱ्या बुडीला पोर वर आणलं, पण जीव गेलेला होता. मी काठावर होतो.

अंगावरून जॅकेट काढायच्या निमित्ताने मी छिन्नीने रिबीट उडवली आणि खिशात टाकली. पंचनाम्यात बकल मोकळं लिहिलं गेलं. गोरक्षने होडी उलटवून माझं पोर बुडवलं, हे मी सांगितलं. अकरा वर्षं सांगत आलो. त्याच्या होडीत कोणी बसेना. होडी काठावर कुजली, तो अंबडला वॉचमन झाला. होडीचा दोष नव्हता. गोरक्षचा नव्हता. रिबीट माझी.

कलम ५. माझ्या दशक्रियेला भाषणं नकोत. सायलीने कलम ४ मोठ्याने वाचावं. छिन्नी व रिबीट देव्हाऱ्यामागच्या डबीत आहेत, ती लोकांपुढे ठेवावी. जॅकेट कापून टाकावं.

कलम ६. गोरक्षला मी काही देत नाही. साक्षीदाराला वाटा देऊ नये असं वकील म्हणतात, आणि साक्षीला मला तोच हवा.

ताजा कलम. मंगळवारी गोरक्षच्या घरी गेलो. त्याने सगळं सावकाश वाचलं. मग म्हणाला, "रिबीट मला तव्हाच कळली होती, अण्णा. पाण्यात हाताला लागली."

बोलला का नाहीस, असं मी विचारलं.

"तुमचं पोर गेलं होतं. माझं नुसतं नाव."

कागद त्याने सही न करता परत दिला. "दशक्रियेला तुम्ही नसणार. मला हे तुमच्या तोंडून ऐकायचं हाय."

म्हणून कलम ५ मधलं वाचन रद्द. आज रविवारी सकाळी मारुतीच्या पारावर, माणसं जमवून, कलम ४ मी स्वतः वाचलं. डबी उघडून ठेवली. सायली अर्ध्यातून उठून गेली, हे लिहीपर्यंत परतलेली नाही. घर व मळा तरीही तिचाच. तिने भावासाठी अकरा वर्षं चुकीच्या माणसाचा तिरस्कार केला, तो मीच तिला शिकवला होता.

गोरक्षने पेन मागितलं.

ठिकाण: मारुतीचा पार, गंगापूर, नाशिक
दिनांक: १५ नोव्हेंबर २००९

मोतीराम धोंडीराम पाळदे (सही)

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:

१. गोटीराम दगडू थेटे, धंदा किराणा (सही)

२. गोरक्ष खंडेराव बेंडकुळे, धंदा ~~वॉचमन~~ नावाडी (खाडाखोड स्वतःच्या हाताने, सही)