व्यक्ती दोन

सोमवार, ३ नोव्हेंबर. सकाळी ७.१०

आजपासून पर्यटन.

काल लेकीचा फोन आला. म्हणाली, आई जाऊन आठ महिने झाले, तुम्ही तिथे एकटे दिवसभर करता तरी काय, रविवारी न्यायला येते. मी म्हटलं, या गावात बघण्यासारखं पुष्कळ आहे. तर म्हणाली, त्यातलं तुम्ही काय पाहिलंय? प्रश्न गैरलागू होता. फोन ठेवला आणि यादी केली. सात दिवस, एकवीस ठिकाणं. रविवारी यादीवरच्या एकवीस टिका तिच्यापुढे ठेवायच्या की घर सोडायचा विषय कायमचा मिटला.

नियम एक: आपण या गावात कालच उतरलो, असं समजायचं. नियम दोन: ओळख दाखवायची नाही. साधनं: टोपी, पाण्याची बाटली, नकाशा, लाल पेन.

हिच्याशी याचा काही संबंध नाही. हिला फिरायचा नाद होता, मला नव्हता, एवढंच. दर गुरुवारी विचारायची, येताय का. मी म्हणायचो, आपल्याच गावात काय बघायचं! एकतीस वर्षं कचेरीत आवक-जावक सांभाळलेल्या माणसाला रिटायर झाल्यावर गॅलरीत खुर्ची टाकून पेपर वाचायचा हक्क आहे.

संध्याकाळी ६.००

ठिकाणं: शून्य. कोपऱ्यावरच्या शिंप्याला अनोळखी माणसासारखं विचारलं, भाऊ, वस्तुसंग्रहालय कुठे आहे? त्याने मला स्टुलावर बसवलं, पाणी पाजलं आणि आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंना बोलावून आणलं. दोघांनी मिळून मला घरी पोचवलं. बाई जाताना म्हणाल्या, एकट्याने राहिलं की होतं असं.

नियम दोन शिथिल.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

वस्तुसंग्रहालय मंगळवारी बंद असतं. कुणी सांगायचं? (ही सांगायची.)

परत येताना मुद्दाम वेगळा रस्ता घेतला. तासभर चाललो. एका रंग उडालेल्या इमारतीपाशी दमून थांबलो, फोटो काढला आणि भाजीवाल्या बाईंना विचारलं, ही वास्तू कोणाची? म्हणाल्या, काका, ही तुमच्याच बिल्डिंगची मागची बाजू.

इमारत मागून ओळखू येत नाही, हा बांधणाऱ्याचा दोष.

ठिकाणं: एक (आपली इमारत, मागून).

बुधवार, ५ नोव्हेंबर. दुपारी १.३०

घड्याळाचा टॉवर खरं तर यादीत घ्यायलाच नको होता. गॅलरीतून समोर दिसतो. रोज त्याच्याशी माझं घड्याळ लावून बघतो. तो दोन मिनिटं मागे आहे. नगरपालिकेला अकरा पत्रं पाठवली, पोच एकाचीही नाही. पण पर्यटक म्हणजे बघणं आलं. एकशे बारा पायऱ्या आहेत. माझा गुडघा तयार होता, मीच म्हटलं, आज फक्त पाहणी.

खाली एक वॉचमन बसतो. समोर भेट देणाऱ्यांचं रजिस्टर. रकाने: दिनांक, नाव, व्यक्ती, अभिप्राय. उतरून आल्यावर भरायचं असतं. मी न चढताच भरायला घेतलं. आडनाव लिहिताच वॉचमन ताडकन उभा राहिला. माझ्या तोंडाकडे बघितलं, मग दंडाला बोट लावून बघितलं. म्हणाला, त्या गुरुवारच्या बाई तुमच्या कोण? मी म्हटलं, माझी पत्नी. तो खुर्चीत बसला. त्याची अशी समजूत होती की मी वारलो आहे.

म्हणाला, बाई एकट्या वर जायच्या, अर्धा-पाऊण तास थांबायच्या, एकट्या खाली यायच्या आणि रजिस्टरमध्ये व्यक्ती दोन लिहायच्या. त्याने एकदा विचारलं, दुसरं कोण? तर हसून म्हणाल्या, हे आहेत की. त्यानंतर त्याने विचारलं नाही. गुरुवारी बाई वर असल्या की तो पायरीवरसुद्धा पाय ठेवायचा नाही.

मी जिवंत निघालो म्हणून त्याने चहा पाजला. तरी कप देताना हात जरा लांबच ठेवला होता.

रात्री ८.००

माणूस अंधश्रद्धाळू आहे. रजिस्टर तपासल्याशिवाय निष्कर्ष काढणं चूक. उद्या तपासतो.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

दिवसभर टॉवरच्या पायथ्याशी. चढलो नाही, काम होतं.

तीन वर्षांची रजिस्टरं चाळली. दर गुरुवारी नोंद. अक्षर हिचंच, 'ह' ची शेपटी पुढच्या अक्षराखाली जाते. व्यक्ती: २. व्यक्ती: २. व्यक्ती: २.

अभिप्राय जसेच्या तसे उतरवून घेतले:

वारा छान. हे पेंगलेत.

आज ह्यांनी चहा सांडला.

ह्यांनी पुन्हा बिनइस्त्रीचा शर्ट घातलाय, लोक काय म्हणतील.

ह्यांच्या मते घड्याळ दोन मिनिटं मागे आहे.

मी सरळ विचारतो. एकशे बारा पायऱ्या चढून वर कोण पेंगतो? वर चहा मिळत नाही, वॉचमनला विचारून खात्री केली. म्हणजे कुणीतरी थर्मास घेऊन जात होता. म्हणजे कुणीतरी होता! गबाळा, झोपाळू, आणि वर घड्याळाबद्दल मतं असलेला. अशा माणसात हिला काय दिसलं असेल?

वॉचमनला हा मुद्दा सांगितला. त्याने माझ्या शर्टाकडे पाहिलं.

जेवलो नाही. राग आल्यामुळे.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर. सकाळी ११.२०

शेवटची नोंद सापडली. १३ फेब्रुवारी, गुरुवार. अक्षर हललेलं. त्यानंतर ती अंथरुणातून उठलीच नाही.

व्यक्ती: १. अभिप्राय: आज हे नाहीत.

वॉचमन म्हणाला, त्या दिवशी बाईंना चढताना फार दम लागला होता. उतरल्यावर बराच वेळ इथेच बसून होत्या. त्याने विचारलं, रिक्षा बोलावू का, घरी कुणाला फोन करू का? म्हणाल्या, नको, हे आत असतील.

आत म्हणजे कुठे?

दुपारी ३.००

आवक-जावकचा पहिला धडा: दुसरी नोंद काढून पडताळा. हीच डायरी, मागची पानं. १३ फेब्रुवारी:

'गॅलरीत ऊन फार. खुर्ची आत घेतली. ही बाहेर गेली, उशिरा आली. विशेष काही नाही.'

मग बाकीचे गुरुवार काढून बघितले. विशेष काही नाही. विशेष काही नाही. एका गुरुवारी, 'पेपरवर चहा सांडला.'

योगायोग. चहा कुणाचाही सांडतो.

शनिवार, ८ नोव्हेंबर

कुठे गेलो नाही. गुडघा.

शर्टाला इस्त्री केली. का केली ते माहीत नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर. रात्री ९.००

लेक सकाळी आली. येताना दोन रिकाम्या बॅगा घेऊन आली होती. विचारलं, काय काय पाहिलंत? यादी दाखवली. एक टीक, तीही आपल्याच इमारतीची, मागून. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, बाबा, आपण दोघं मिळून एक तरी बघू. टॉवर जवळ आहे, म्हणून टॉवर.

ती पुढे गेली. मी टॉवरच्या दाराशी वाकून बुटाची नाडी बांधत होतो, खरं तर सुटलेली नव्हती. आत वॉचमन तिला विचारत होता, एकट्याच का? आणि ती म्हणाली, बाबा आहेत की, मागून येतायत. आवाज हुबेहूब हिचा. वॉचमनने दारातून डोकावून मला पाहिलं आणि मोठा सुस्कारा सोडला.

चढलो. चाळिसाव्या पायरीला थांबलो, एकसष्टाव्या पायरीला बसलो, ब्याण्णवाव्या पायरीला लेकीने हात दिला. ही शेवटच्या दिवशी एकटी चढली होती. मी पायऱ्या मोजत होतो म्हणून बरं, नाहीतर दुसरं काही सुचलं असतं.

वर वारा छान आहे.

कठड्याला टेकून सरळ समोर बघितलं. आमची गॅलरी. टॉवेल वाळत होता, त्याची हिरवी किनार दिसत होती. दोरीवरचे चिमटेसुद्धा मोजता येत होते. बसलेल्या माणसाचा शर्ट चुरगळलेला असला तर तो दिसेल. पेंगला तर दिसेल. चहा सांडून इकडेतिकडे बघत पेपरानेच पुसत असेल, तर तेही दिसेल.

तीन वर्षं मी त्या खुर्चीतून या टॉवरकडे बघत होतो. काट्यांच्या वर कधी नजर गेली नाही. ही हातसुद्धा हलवत असेल.

आज गॅलरीत खुर्ची नव्हती. १३ फेब्रुवारीला आत घेतली, ती आतच आहे.

लेक विचारत होती, बाबा, काय झालं? मी म्हटलं, हे घड्याळ दोन मिनिटं मागे आहे. ती म्हणाली, माहीत आहे, आई सांगायची. मग ती रडली, मीही रडलो. वर दुसरं कुणी नव्हतं ते बरं झालं.

खाली रजिस्टर भरलं. हिच्या नोंदी तपासल्या, दुरुस्तीची गरज नाही. सगळ्या बरोबर आहेत. तेराची पण.

घरी आल्यावर लेक बॅगा उघडायला लागली. मी म्हटलं, गुरुवारपर्यंत थांब. कशासाठी, तिने विचारलं. खुर्ची उचलून गॅलरीत नेली, शर्ट नीट केला आणि टॉवरकडे तोंड करून बसलो. पेपर घेतला नाही.

ऊन फार होतं. टॉवर पाचला बंद होतो. पाचपर्यंत बसलो.